हृत्पेशी आणि रक्तावरोध : पहिल्या सहा तासांचे महत्त्व

हृच्छूलाचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच चिकित्सालयात किंवा औषधांच्या दुकानात येतो आणि 'पित्ता'चे अथवा 'गॅस'चे औषध मागतो. त्या वेळी हृत्पेशींत काय घडत असते, याचे ज्ञान वैद्य व औषधविक्रेता या दोघांनाही असणे अगत्याचे आहे.

हृदय विश्रांतीतही आपल्या धमन्यांतील रक्तामधून सुमारे ७० टक्के प्राणवायू काढून घेते. वाढती गरज म्हणूनच मुख्यतः रक्तप्रवाह वाढवून भागते. धमनी अरुंद झाली की श्रमसमयी शूल होतो. ती पूर्ण अवरुद्ध झाली की विश्रांतीतही पेशींची उपासमार सुरू होते.

या उपासमारीचा क्रम निश्चित आहे. प्राणवायूच्या अभावी पेशी केवळ शर्करेवर अल्प ऊर्जा निर्माण करते व लॅक्टिक आम्ल साचते. मिनिटाभरातच त्या भागाचे आकुंचन थांबते. पेशी मात्र जिवंत असते. सुमारे १० मिनिटांत एटीपीचा साठा निम्म्यावर येतो. पेशीपटलावरील पंप मंदावून सोडियम व पाणी आत शिरते, पेशी सुजते, कॅल्शियमचा संचय होतो. २० ते ४० मिनिटांनंतर पेशीपटल भंगू लागते व ट्रोपोनिन रक्तात उतरते. अशी पेशी पुन्हा सजीव होत नाही. तिची जागा आकुंचनक्षम नसलेली व्रणवस्तू घेते.

हा नाश सर्वत्र एकाच वेळी होत नाही. तो हृद्‌भित्तीच्या अंतःस्तरात आरंभ होऊन ३ ते ६ तासांत बाह्यस्तराकडे पसरतो. या अवधीत धमनी मोकळी झाल्यास उर्वरित मांस वाचते.

सुश्रुताचार्यांनी हृदयाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे, तर चरकाचार्यांनी त्यास प्राणवह स्रोतसांचे मूळ म्हटले आहे. स्रोतोरोधाची ही संकल्पना आपणांस परिचित आहे. परंतु अर्जुनादी द्रव्यांचे स्थान आत्ययिक अवस्थेत नाही, हे आपण स्पष्टपणे मानले पाहिजे.

छातीत दाब, घाम, श्वास किंवा डाव्या हातात कळ असल्यास चूर्ण देऊन वाट पाहू नये. मधुमेही व वृद्ध रुग्णांत वेदना अल्पही असू शकते. जठरप्रदेशातील जळजळही फसवी ठरते. पहिला ईसीजी प्राकृत आला तरी निश्चिंत राहू नये. रुग्णास चालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्यास हृद्रोगोपचाराची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. आपल्याकडे गेलेली प्रत्येक घटिका त्याच्या हृन्मांसातून वजा होत असते.