तीन जिरी आणि दीपाबाईची चोळीबांगडी

आमच्या घरी एकदा गोडा मसाला कडू निघाला. बंगळूरच्या मल्लेश्वरमात बिऱ्हाड मांडून आईला जेमतेम दोन महिने झाले होते. धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर सगळं मिळालं. अडलं ते शहाजिऱ्यापाशी. दुकानदाराला शब्द उमगेना, म्हणून आईने हिंदीचा आधार घेतला आणि ‘काली जीरी’ मागितली. त्याने तत्परतेने पुडी बांधून दिली. रविवारी आमटी झाली आणि पहिल्याच घासाला बाबांनी वाटी बाजूला सरकवली.

दुकानदाराची काहीच चूक नव्हती. आईने मागितलं तेच त्याने दिलं. ‘काली जीरी’ म्हणजे आपलं कडू जिरं, जंतांवरचं जुनं औषध. ते सूर्यफुलाच्या कुळातलं. जिऱ्याशी त्याचं नातं फक्त दिसण्याचं. कन्नडमध्ये त्याला ‘काडु जीरिगे’ म्हणतात. ‘काडु’ म्हणजे रान. मराठीत ते कडू, कन्नडमध्ये काडु. अर्थ वेगळे, कानाला जवळजवळ एकच, आणि दोन्ही नावं त्या एकाच झाडाला शोभणारी. त्या पुडीपासून मला जिऱ्यांच्या नावांचा नाद लागला. तो आज तीस वर्षांनीही सुटलेला नाही.

कृष्णराजेंद्र मार्केटच्या अवतीभवती, चिकपेटेत आणि अव्हेन्यू रोडवर जी ‘ग्रंथिगे’ची दुकानं आहेत, म्हणजे काष्ठौषधी आणि पूजेचं सामान विकणारी, तिथे मी ही नावं वहीत टिपत आलो. ‘जीरिगे’ म्हटलं की साधं जिरं. ‘करि जीरिगे’ म्हटलं की कलौंजी, जिला आपण कांद्याचं बी म्हणतो. कांद्याशी तिचा काही संबंध नाही. ‘शाजीरिगे’ म्हटलं की आपलं शहाजिरं. आणि ‘शीमे जीरिगे’ म्हटलं की युरोपातलं कॅरवे. कन्नडमध्ये परक्या मुलखातून आलेल्या वस्तूला ‘शीमे’ किंवा ‘सीमे’ लागतं: रॉकेल हे ‘सीमे एण्णे’, चायोटे हे ‘सीमे बदने’. आपल्या ‘विलायती’सारखंच. विलायती जिरं हा शब्द आपल्याकडेही होताच, आपण तो सोडला. मला ही मोठी चूक वाटते. कन्नड दुकानदाराने निदान नावापुरता शहाजिरं आणि कॅरवे यांच्यातला फरक जपला. आपल्याकडे दोन्ही एकाच बरणीत गेली.

खरं शहाजिरं हिमालयातलं. किन्नौर, लाहौल-स्पिती, काश्मीरचं गुरेझ, अशा उंच थंड खोऱ्यांत ते जमिनीतल्या कंदातून उगवतं. बी पेरलं तर फूल यायला तीन-चार वर्षं थांबावं लागतं. ‘हिमाचली काला जीरा’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फारसीत त्याला ‘झीरा-ए-सियाह’ म्हणतात, म्हणजे काळं जिरं. ‘सियाह’चा ‘शाह’ झाला आणि काळ्याचं राजेशाही झालं, असं मानायला मला आवडतं. कॅरवे हे त्याचं चुलत भावंड. कंद नाही, दोन वर्षांचं आयुष्य, थंड प्रदेशातल्या साध्या शेतात येणारं, म्हणून स्वस्त. दाणा थोडा जाड, कोयत्यासारखा वाकडा, त्यावर पाच फिकट शिरा. शहाजिऱ्याचा दाणा त्याहून बारीक आणि गडद. महाग शहाजिऱ्याच्या जागी कॅरवे विकलं जातं ते वरवरच्या सारखेपणामुळे.

डोळ्यांना फसवता येतं, नाकाला मात्र नाही. कॅरवेच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा कार्व्होनचा. शहाजिऱ्याच्या वासात क्युमिनाल्डिहाइड असतं, जे साध्या जिऱ्याला त्याचा वास देतं. शिवाय मातकट, धुरकट असं आणखी काही. कार्व्होनची गंमत अशी की त्याचे रेणू दोन प्रकारचे असतात, आरशातल्या प्रतिबिंबासारखे, उजव्या-डाव्या हातासारखे. एकाला कॅरवेचा वास, दुसऱ्याला स्पिअरमिंटचा. अणू तेच, जोडणी तीच, फक्त हात बदललेला. वासाचा हा फरक खरोखर रेणूच्या हातावरच ठरतो हे १९७१ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या निबंधांनी पक्कं केलं. मराठी घराला याहून जवळची गोष्ट पुढे आहे: कॅरवेतलं हेच कार्व्होन बाळंतशोपेतही भरपूर असतं. चिमूटभर कॅरवे तळहातावर चोळून हुंगून पाहा, बाळंतिणीची खोली आठवेल. लेबनॉन-सीरियात मूल जन्मलं की तांदळाच्या पिठाची कॅरवे घातलेली खीर घरी येणाऱ्या पाहुण्यांना देतात. तिथल्या आणि इथल्या बायकांनी एकमेकींना न विचारता बाळंतपणासाठी एकच वास निवडला.

औषधी गुणांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या विषयात बोलणं फार आणि तपासणं कमी. वात सारणं, जेवणानंतरचं जडपण कमी करणं, हा कॅरवेचा गुण युरोपच्या औषधशास्त्रात जुना आहे; कॅरवे आणि पुदिना यांच्या तेलांच्या एकत्रित कॅप्सुलांचा अपचनावर जर्मनीत पद्धतशीर अभ्यास झाला आहे. आपल्या आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये कृष्णजीरकाचं एक नाव ‘उद्गारशोधन’ आहे, म्हणजे ढेकर शुद्ध करणारं. गुण नावातच सांगून टाकणारा इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. यापलीकडचे साखरेचे, वजनाचे, प्रतिकारशक्तीचे जे दावे शहाजिऱ्याच्या नावावर फिरतात, त्यातले कितीतरी मुळात कलौंजीचे आहेत. कलौंजीतल्या थायमोक्विनोनवर बरंच काम झालं आहे. इंग्रजीत कलौंजीलाही काळं जिरं म्हणतात आणि शहाजिऱ्यालाही. तिथून हे गुण एका बरणीतून दुसऱ्या बरणीत गेले. शहाजिऱ्यात थायमोक्विनोनच्या आशेने पैसे घालवू नयेत.

हा गोंधळ आजचा नाही. निघंटूकारांनी ‘जीरकत्रय’ सांगितलं: जीरक, कृष्णजीरक आणि कालाजाजी किंवा उपकुंचिका. पहिल्याबद्दल वाद नाही. तिसरं बहुतेक जण कलौंजी मानतात. पण पर्यायी नावं एकीकडून दुसरीकडे सरकत राहतात. ‘कारवी’ हेच पाहा. (सह्याद्रीत सात वर्षांनी फुलते ती कारवी वेगळी.) हे नाव ‘भावप्रकाश’ निघंटूत तिसऱ्या जिऱ्याच्या रांगेत येतं, आणि कॅरवेचं शास्त्रीय नाव आहे ‘कॅरम कार्वी’. ध्वनी जुळतो म्हणून कित्येकांनी वनस्पतीही जुळवून टाकली. संस्कृत नावासमोर त्या त्या गावातलं चालू नाव लिहिलेलं असतं, तर हा घोळ झाला नसता.

असं लिहिणारा एक माणूस होता. त्याच्यापर्यंत मी पोचलो तो परशुराम कृष्ण गोडे यांच्यामुळे. देवरूखकडचे गोडे १९१९ पासून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात हस्तलिखितांचे क्युरेटर होते. कोणता पदार्थ, कोणती वस्तू आपल्या ग्रंथांत पहिल्यांदा कधी दिसते, याचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला. १९४३ साली त्यांनी जिलबीच्या इतिहासावर निबंध लिहिला, आणि त्यासाठी जो ग्रंथ साक्षीला काढला तो ‘भोजनकुतूहल’. कर्ता रघुनाथ गणेश नवहस्त. नवहस्त म्हणजे आपले नवाथे. ग्रंथाचा काळ गोड्यांनी १६७५ ते १७०० असा ठरवला. भाषा संस्कृत, पण धान्यं, भाज्या, पदार्थ सांगताना हा माणूस लोकांच्या तोंडची नावं देतो, आणि त्यात मराठी वारंवार येतं. जुन्या वैद्यकग्रंथांतले गुणदोष तो गोळा करतो, पण वाचकाला स्वयंपाकघरात आणून सोडतो. म्हणूनच गोड्यांना त्यात जिलबी सापडली.

रघुनाथाला आश्रय होता तंजावरच्या राणी दीपाबाईचा. इथे बंगळूर येतं. १६३८ साली आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने केंपेगौडांकडून बंगळूर जिंकलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. त्यांच्यामागे त्यांचे पुत्र एकोजीराजे यांनी इथला कारभार पाहिला. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाशी निगडित १६६९ चा कन्नड शिलालेख आहे. मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची एकोजीराजांची ती नोंद. आईने कडू मसाला केला ते घर त्या देवळापासून दहा मिनिटांवर होतं, आणि मला हे कित्येक वर्षं ठाऊक नव्हतं.

दीपाबाई या एकोजीराजांच्या पत्नी. एकोजीराजे तंजावरला गेले, शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयाला आले, भावाभावांत वाटणीचा तंटा होऊन लढाईपर्यंत गेला. तो मिटवण्यात दीपाबाईंचा हात होता. एकोजीराजांनी कारभारी रघुनाथपंत हणमंत्यांशी बोलणं लावावं, हा आग्रह त्यांचा. (हा रघुनाथ वेगळा, आपला नवाथे वेगळा.) १६७७-७८ च्या तहात महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. आज सव्वा कोटीवर वस्ती असलेलं हे शहर एका मराठी बाईच्या खासगी खर्चाची तजवीज होतं! दहा वर्षांत, १६८७ साली, मोगलांनी ते घेतलं आणि मैसूरच्या चिक्कदेवराय वडेयरांनी मोगलांकडून तीन लाख रुपयांना ते मिळवलं.

दीपाबाई या इतिहासात तह घडवणाऱ्या म्हणून येतात, आणि तेवढ्यावरच थांबवल्या जातात. मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. भाताच्या, भाजीच्या, पक्वान्नांच्या नावांची इतकी बारकाईने नोंद ठेवणाऱ्या पंडिताला त्यांनी सांभाळलं. त्या काळी राजघराण्यांनी काव्याला आश्रय दिला, वेदान्ताला दिला. ताटातल्या वस्तूंची नावं लिहून ठेवणाऱ्याला आश्रय मिळणं दुर्मीळ. हा ग्रंथ १९५६ साली त्रिवेंद्रमला छापला गेला, आणि त्याच्या इंग्रजी अनुवादाचं काम झालं ते बंगळुरातच, येलहंक्याकडच्या इन्स्टिट्यूट ऑफ आयुर्वेद अँड इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या संस्थेत. दीपाबाईंच्या पंडिताचं पुस्तक अशा रीतीने त्यांच्या चोळीबांगडीच्या गावी परत आलं. मराठीत ते पूर्ण यावं असं मला फार वाटतं.

नावं का लिहून ठेवायची, याचा आणखी एक दाखला इथल्याच दुकानात आहे. बिसिबेळे भाताच्या मसाल्यात ‘मराठी मोग्गु’ घालतात, म्हणजे मराठी कळी. सावरीच्या वाळलेल्या कळ्या त्या. आईने ते नाव वाचून हौसेने पुडी घेतली आणि तिला त्या कशात घालतात हेच कळेना, कारण आपल्या मसाल्यांत त्या बहुधा नसतातच. त्यांना मराठी कोणी म्हटलं, कोणाच्या हातून त्या इथे आल्या, हे कोणीतरी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

शहाजिरं वापरणाऱ्यांसाठी एवढंच: पुलावात ते अख्खंच चांगलं लागतं. गोड्या मसाल्यासाठी सगळ्यात शेवटी, चमचाभर तेलात, आच मंद करून परतून घ्या; दाणा बारीक असल्याने क्षणात करपतो आणि वास जातो. कॅरवे हाती लागलं असेल तर ते टाकू नका. बटाट्यात, कोबीत, पावात घाला, तिथेच त्याची खरी जागा. गोड्या मसाल्यात मात्र ते बाळंतशोपेसारखं उपरं लागतं.

आईच्या मसाल्याच्या वहीत त्या कडू पुडीनंतर शहाजिऱ्यापुढे पेन्सिलीने ‘शाजीरिगे म्हणायचे’ असं लिहिलेलं आहे. तुमच्याही घरात अशी वही असेल. बेळगावची, इंदूरची, बडोद्याची, हैदराबादची. तिच्यात जिऱ्यांपुढे काय नावं लिहिली आहेत ती पाहा, दुकानात जाऊन ताडून घ्या आणि या अंकाच्या पत्त्यावर कळवा.