डिजिटल रेडिओ : प्रक्षेपण आहे, संच कुठे आहे?

लहरींचे जग : लेखांक ९

मुंबई, पुणे आणि पणजी येथील आकाशवाणीच्या मध्यम लहरी प्रक्षेपकांवर डिजिटल प्रक्षेपणाची सोय होऊन बरीच वर्षे लोटली. देशभरात मध्यम लहरींचे असे पस्तीस प्रक्षेपक उभे राहिले, तेही जनतेच्या पैशातून. तरीही महाराष्ट्र-गोव्यातल्या बहुतेक श्रोत्यांना याचा पत्ता नाही. जे रोज सकाळी न चुकता बातम्या ऐकतात, ज्यांना अस्मिता वाहिनीचा ५५८ हा आकडा तोंडपाठ आहे, त्यांनाही नाही.

मध्यम लहरी समुद्रावरून आणि डोंगरांपलीकडे इतक्या लांब कशा जातात, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिले. त्याच लहरींवरून डिजिटल आवाज पाठवण्याच्या पद्धतीचे नाव आहे डिजिटल रेडिओ मोंदियाल, म्हणजे डीआरएम. स्टुडिओतल्या आवाजाचे आधी आकड्यांत रूपांतर होते. मग ते आकडे आटोपशीर करून शेकडो बारीक वाहक लहरींवर विखरून पाठवले जातात. वाटेत काही गळाले तर ते भरून काढता यावे म्हणून जादा माहितीही सोबत असते. घरातला संच हे सारे गोळा करतो, दुरुस्त करतो आणि मगच बोलतो. एका फ्रिक्वेन्सीवर एकाहून अधिक कार्यक्रम बसतात, पडद्यावर केंद्राचे नाव आणि मजकूर उमटतो, आणि तेवढाच प्रदेश व्यापायला वीजही कमी लागते. जुने श्रोते एकदम तुटू नयेत म्हणून मधल्या काळात साधे आणि डिजिटल प्रक्षेपण शेजारी-शेजारी चालवले जाते. ही सोय चांगली आहे, पण प्रक्षेपकाची ताकद दोघांत वाटली जाते आणि डिजिटलच्या वाट्याला कमी येते.

ऐकणाऱ्याला याचा अनुभव कसा येतो? संकेत नीट मिळाला, तर पहिल्यांदा ऐकणारा थक्क होतो. साध्या मध्यम लहरींवर आवाजाच्या वरच्या पट्टीचा बराचसा भाग कापला जातो. तानपुऱ्याची जवारी, झांजेची किणकिण, निवेदिकेच्या 'स'मधली धार तिथे बोथट होते. डिजिटलमध्ये हे सारे परत येते आणि खरखर नाहीशी होते. शास्त्रीय संगीताची रात्रीची सभा असे ऐकल्यावर जुन्या आवाजाकडे परतणे जड जाते. हे मी मनापासून लिहितो आहे, कारण पुढे ज्या अडचणी सांगणार आहे, त्यावरून ही पद्धतच फसवी आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

पहिली अडचण शांततेची. साध्या रेडिओवर केंद्र दूर गेले की आवाज बारीक होतो, खरखरीत बुडतो, पुन्हा वर येतो. तरी कान लावून बसलेल्याला वादळाचा इशारा कळतो, निकालाचे आकडे कळतात. आपल्या दोन-तीन पिढ्यांनी असेच ऐकले आहे. डिजिटलला ही मधली अवस्था नाही. चूक दुरुस्त होण्याजोगी असेपर्यंत आवाज स्वच्छ असतो, आणि ती मर्यादा ओलांडली की एकही शब्द उरत नाही. इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, एलईडीचे स्वस्त दिवे यांनी घराघरांत विजेचा जो गोंगाट वाढवला आहे, तो मध्यम लहरींना फार त्रास देतो. त्यामुळे प्रक्षेपण पुरेसे असूनही माजघरात संच गप्प आणि गच्चीवर तोच संच खणखणीत, असे होते. रात्री दूरच्या केंद्रांच्या लहरी आकाशातून परावर्तित होऊन येतात, तेव्हा घोटाळ्यात भर पडते.

दुसरी अडचण वेळेची. संच सुरू केल्यावर केंद्र पकडायला त्याला काही सेकंद लागतात, आणि नंतरही आवाज थोडा मागेच असतो. बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावणाऱ्यांना हे लगेच जाणवते. क्रिकेटच्या समालोचनात तर शेजारच्या साध्या रेडिओवर चौकार होऊन गेलेला असतो आणि इथे गोलंदाज अजून धावतच असतो. तिसरी अडचण ज्यांनी डिजिटल संच घेतलाच नाही त्यांची. जुन्या संचावर केंद्राच्या अगदी शेजारी एक सलग फुसफुस ऐकू येते. ती का, हे कोणी न सांगितल्याने आपला रेडिओ बिघडला असेच त्यांना वाटते.

या सगळ्या तक्रारी सुटण्यासारख्या आहेत. ताकद वाढवता येते, अँटेना सुधारता येतो, श्रोत्याला समजावता येते. न सुटलेला प्रश्न संचाचा आहे. साधा ट्रान्झिस्टर काही शे रुपयांत मिळतो आणि सेलवर दिवसचे दिवस चालतो. डीआरएमचे जे सुटे संच भारतात विकायला आले, त्यांची किंमत दहा हजारांच्या पुढे गेली, आणि आकड्यांची उकल करण्यात त्यांची वीजही जास्त खर्च होते. तालुक्याच्या बाजारातल्या दुकानदाराने तर असा संच पाहिलेलाही नसतो. खप नाही म्हणून किंमत उतरत नाही, आणि किंमत उतरत नाही म्हणून खप नाही. प्रक्षेपकांवर खर्च करताना दोन-चार लाख स्वस्त संचांची खरेदी हमीने केली असती, शाळांना, ग्रामपंचायतींना, मच्छीमार सोसायट्यांना ते दिले असते, तर ही गाठ सुटली असती असे माझे ठाम मत आहे.

डीआरएम खरोखर पोहोचले ते मोटारींत. २०१७ च्या सुमारास काही कंपन्यांनी नव्या गाड्यांच्या रेडिओत ही सोय आपसूक द्यायला सुरुवात केली आणि आज अशा लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. मात्र गाडी ताब्यात देताना शोरूममधला मुलगा ब्लूटूथ जोडून दाखवतो, डिजिटल आकाशवाणी लावून दाखवत नाही. मालकाच्या हातात यंत्र आहे आणि त्याला ते ठाऊक नाही.

श्रोता नवा संच घ्यायला का कचरतो, हे समजायचे तर वर्ल्डस्पेसची हकिकत आठवायला हवी. मार्च २००० मध्ये एशियास्टार हा उपग्रह सुटला आणि थेट उपग्रहावरून डिजिटल रेडिओ भारतात आला. वेगळा संच घ्यायचा, त्याचा चपटा छोटा अँटेना आग्नेयेकडच्या मोकळ्या आकाशाकडे वळवून खिडकीत ठेवायचा आणि वर्गणी भरायची. हिंदुस्थानी संगीतासाठी 'गंधर्व', जुन्या हिंदी गाण्यांसाठी 'फरिश्ता', मराठीसाठी 'सुरभि' अशा वाहिन्या होत्या. अखंड राग ऐकायला मिळतो म्हणून कितीतरी घरांत तो संच दिवसभर चालू असे. भारतातल्या वर्गणीदारांची संख्या चार लाखांच्या वर गेली होती. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा थांबली. संच धडधाकट होते, पण त्यांना ऐकवणारे कोणी उरले नव्हते. ज्या श्रोत्याच्या कपाटात असा संच पडून आहे, त्याला पुन्हा 'डिजिटल घ्या' म्हणताना आधी भरवसा द्यावा लागेल.

परदेशातही चित्र एकसारखे नाही. तिथे मुख्यतः डॅब नावाची दुसरी पद्धत आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले आणि ते निभावले. आयर्लंडच्या आरटीई या सार्वजनिक संस्थेने उलट दिशा धरली. एफएम ऐकणारे ७७ टक्के आणि डॅब ऐकणारे अर्धा टक्का, असा हिशेब मांडून तिने ३१ मार्च २०२१ रोजी आपले डॅब प्रक्षेपणच थांबवले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक संस्थेने २०२४ संपताना एफएम सोडले आणि तिचे श्रोते लक्षणीय घटले. तिथे तर वर्षानुवर्षे तयारी झालेली होती, घराघरांत डिजिटल संच होते. आपल्याकडे तशी तयारी कुठे आहे?

आता दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी दिल्या आहेत. देशासाठी एकच तंत्र निवडावे, तेरा मोठ्या शहरांत सुरुवात करावी, आणि एकाच फ्रिक्वेन्सीवर नेहमीच्या एफएमसोबत तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी चालवता यावी, असे त्यांत म्हटले आहे. मुंबई, पुणे आणि नागपूर त्या तेरांत आहेत. तंत्राच्या शर्यतीत डीआरएमबरोबर अमेरिकेतली एचडी रेडिओ ही पद्धतही आहे, आणि दिल्लीत एफएम पट्ट्यात दोन्हींच्या चाचण्या झालेल्या आहेत. साधे एफएम कधी संपवायचे, तो निर्णय ट्रायने प्रगती पाहून नंतर घ्यायला सांगितला आहे. हे मला शहाणपणाचे वाटते.

पण निवड एचडी रेडिओची झाली, तर मध्यम लहरींवरच्या पस्तीस डीआरएम प्रक्षेपकांचे आणि त्या लाखो गाड्यांतल्या रेडिओंचे काय, याचे उत्तर त्याच दिवशी मिळायला हवे. शिवाय तेरा शहरांबाहेर महाराष्ट्र पसरलेला आहे. एफएमची लहर साधारणपणे नजरेच्या टप्प्यापर्यंत पोहोचते आणि डोंगराआड अडते. वेल्हे, अक्कलकुवा, भामरागड अशा भागांत, आणि किनाऱ्यापासून दूर गेलेल्या होडीवर, मोबाइलची रेंज गेल्यावर मध्यम लहरच उरते. तिथल्या श्रोत्याला आकाशवाणीने तिच्याच केंद्रांवरून, सकाळच्या प्रादेशिक बातम्यांच्या आधी, चार गोष्टी सांगाव्यात : डिजिटल प्रक्षेपण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती वाजता असते, संच कुठे आणि केवढ्याला मिळतो, तो किमान किती वर्षे उपयोगी पडेल, आणि तोवर जुना आवाज बंद होणार की नाही.