मुंबई विद्यापीठ : केवळ परीक्षा घेण्यापासून झालेली सुरुवात

मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसमोर फोटो सगळेच काढतात. पण त्या आवारातून काय काय उभं राहिलं, हे माहीत आहे?

🔹 १८५७ : १८ जुलैला स्थापना. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदव्या देणार.

🔹 १८६२ : पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत न्या. म. गो. रानडे आणि रा. गो. भांडारकर!

🔹 १८७८ : राजाबाई टॉवर पूर्ण. उंची सुमारे २८० फूट. देणगीदार प्रेमचंद रायचंद, नाव त्यांच्या आईचं.

🔹 १८९२ : का. त्र्यं. तेलंग पहिले भारतीय कुलगुरू. त्यांच्यानंतर भांडारकर, म्हणजे पहिल्या तुकडीतला विद्यार्थी थेट कुलगुरूंच्या खुर्चीत.

🔹 १९१९ : समाजशास्त्र विभाग सुरू, प्रमुख पॅट्रिक गेडिस. पुढे गो. स. घुर्ये यांनी तो नावारूपाला आणला. आता विद्यापीठ स्वतः शिकवू लागलं होतं.

🔹 १९३३ : रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे माटुंग्याचं यूडीसीटी. आजची आयसीटी ती हीच.

🔹 १९४९ : पुणे विद्यापीठ वेगळं झालं. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ आलं. तोवर गोव्यातली कॉलेजंही मुंबईशीच संलग्न होती.

🔹 २०१८ : फोर्टच्या आवारासह दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत.

म्हणजे कार्यक्षेत्र घटत गेलं, तशी नवी विद्यापीठं उभी राहिली. माझ्या मते हीच मुंबई विद्यापीठाची सर्वांत मोठी कमाई.

तुमचं कॉलेज कोणतं? कमेंटमध्ये सांगा.

#मुंबईविद्यापीठ #मुंबईचाइतिहास