लेथची अटॅचमेंट, ब्राउझरची अटॅचमेंट

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये तुम्ही कधी डोकावला आहात काय? लेथ तोच असतो. पण त्याला टेपर कापण्याची अटॅचमेंट बसविली, की सरळ कापली जाणारी सळई निमुळती कापली जाऊ लागते. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. संगणकावरील ब्राउझरलाही अशा अटॅचमेंट लावता येतात. त्यांना ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. एखादे शब्दाचा अर्थ दाखविते, एखादे मजकूर वाचून दाखविते.

आता एक प्रयोग करा. शाळेच्या संगणकावर एखाद्या वृत्तपत्राचे पान उघडा. एफ-१२ हे बटण दाबा, 'नेटवर्क' हा कप्पा निवडा आणि पान पुन्हा उघडा. ओळींची रांगच्या रांग धावू लागेल! एक ओळ म्हणजे ब्राउझरने कोणत्या तरी संगणकाकडे केलेली एक मागणी. त्यांतील कित्येक मागण्या बातमीसाठी नसतातच. त्या असतात जाहिरातींसाठी आणि तुम्ही काय वाचता याची नोंद ठेवणाऱ्यांसाठी.

फायरफॉक्सवरील 'युब्लॉक ओरिजिन' हे विनामूल्य एक्स्टेन्शन नेमके येथे उभे राहते. चाकणच्या कारखान्याच्या फाटकावर गेटपास तपासल्याशिवाय ट्रक बाहेर सोडत नाहीत ना? तसेच हे. प्रत्येक मागणीचा पत्ता ते आपल्याजवळच्या यादीशी ताडून पाहते. पत्ता यादीत सापडला, की मागणी बाहेर पडतच नाही. म्हणून पान लवकर उघडते, डेटाही वाचतो. (जाहिरातींवर वृत्तपत्रे चालतात हेही खरे; आवडत्या संकेतस्थळापुरती ही चाळणी बंद ठेवता येते.)

बरे, पहारेकऱ्याला हे काम करायचे तर काय दिसावे लागते? सगळेच! म्हणून बसविताना ब्राउझर विचारतो: सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी द्यायची काय? आपण न वाचताच 'हो' म्हणतो. याच ब्राउझरमध्ये उद्या तुम्ही परीक्षेचा अर्ज भरणार, वडील बँकेचे खाते उघडणार.

'द ग्रेट सस्पेंडर' हे एक्स्टेन्शन न वापरलेली पाने झोपवून मेमरी वाचवीत असे. लाखो लोक ते वापरीत. २०२० मध्ये ते मूळ कर्त्याने दुसऱ्याला विकले. नाव तेच, चिन्ह तेच; पहारेकरी मात्र बदलला. त्यात घातक प्रोग्राम असल्याचे सांगून फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केले.

क्रोममध्ये वरच्या पट्टीवर कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह आहे. त्यावर टिचकी मारा. तुमच्या संगणकावर कोणकोणते पहारेकरी बसले आहेत, त्यांची नावे तेथे दिसतील. शब्दकोशासारख्या एक्स्टेन्शनला 'टिचकी मारल्यावरच' एवढीच परवानगी देऊन पाहा.