बंद पडलेली मारुती रस्त्यावर आणताना

वर्षानुवर्षे एका जागी उभी असलेली मोटार पुन्हा चालू करायची म्हटले की पहिला हात जातो तो बॅटरीकडे. शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी जोडायची, चावी फिरवायची आणि इंजिन धडधडले की ‘गाडी झाली’ असे जाहीर करायचे, ही आपल्याकडची रूढ रीत आहे. ती चुकीची आहे. इंजिन सुरू होणे आणि गाडी रस्त्यावर नेण्याजोगी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचा क्रमही लोक समजतात त्याच्या उलटा आहे. जी गाडी थांबू शकत नाही ती चालू करण्यात अर्थ नसतो.

हे लिहिण्यास निमित्त झाले मध्य प्रदेशातील तिगावचे. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्ण्याच्या पुढे हे मराठीभाषक गाव आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात ते येते, आणि आजूबाजूला संत्र्याच्या बागा आहेत. तेथे आमच्या नात्यातील एका घरी १९९८ ची मारुती ८०० गोठ्यालगतच्या पत्र्याच्या छपराखाली दहा वर्षांहून अधिक काळ उभी होती. घरच्यांनीच ती अंगणात दुरुस्त केली. जेथे हात चालेना तेथेच कारागिराला बोलावले. ते काम जवळून पाहता आले. गोव्यातही अशा मारुत्या घराच्या मागच्या बाजूला, माडाखाली, फाटक्या ताडपत्रीत गुंडाळलेल्या दिसतात. पण तिगावची मारुती आणि गोव्याची मारुती एकाच पद्धतीने म्हाताऱ्या होत नाहीत, हे आधी लक्षात घेतले पाहिजे.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात समुद्राची खारी हवा मिसळते. त्यामुळे येथे गाडीचा पत्रा आधी जातो. वरचा रंग शाबूत दिसतो, पण पायाखालची चटई उचलली की फरशीचा पत्रा पापडासारखा मोडतो. तिगावात उन्हाळा कोरडा आणि कडक. तेथे पत्रा टिकतो, पण रबर मरते. टायरांना भेगा पडतात, होजपाइप कडक होऊन चिरतात, दारांची बिडिंग हातात येते, डॅशबोर्ड तडकतो. शिवाय गोठा जवळ म्हणजे उंदीर आलेच. तिगावच्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी कापूस आणि कडब्याचे घरटे केले होते, वायरिंगची सालटी काढली होती, आणि एका बारीक नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर लिंपले होते. दहा वर्षे बंद गाडी ही गाडी कमी आणि वस्ती जास्त असते! म्हणून बॉनेट उघडल्यावर पहिले काम झाडलोटीचे, पान्याचे नंतर.

पत्र्याची परीक्षा सोपी आहे. जुना जाड स्क्रूड्रायव्हर घ्यावा आणि चटईखालची फरशी, दाराखालची चौकट, स्टेपनी ठेवण्याचा खळगा, तसेच पुढचे शॉकअॅब्सॉर्बर वर जेथे बोल्टांनी पत्र्याला जखडलेले असतात ती जागा, येथे जोर देऊन टोचून पाहावे. टोक आत शिरले तर तेथे पत्रा नाही, फक्त रंग आहे. फरशीवरचे लहानसे भोक वेल्डिंगने बुजवता येते. परंतु शॉकअॅब्सॉर्बरची जागा किंवा दाराखालची चौकट कुजली असेल तर गाडीचा सांगाडाच गेला असे समजावे. मारुती ८०० ला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. अशा जागी लांबी भरून रंग देणारे डेंटर सगळीकडे सापडतात. ते गाडी दुरुस्त करत नाहीत, पुढच्या गिऱ्हाइकाला फसवण्याची सोय करतात. वेल्डिंग करायचे झाल्यास पेट्रोलची टाकी आणि बॅटरी दोन्ही गाडीबाहेर काढल्याखेरीज ठिणगी पडू देऊ नये.

गाडीखाली शिरण्यापूर्वी एक खबरदारी. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. मारुती हलकी म्हणून लोक बेफिकीर होतात. पण तिचे वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आहे, आणि छातीवर यायला तेवढे पुरेसे होते. गावाकडे जॅकच्या जोडीला विटा लावतात. वीट आधी काहीच दाखवत नाही आणि मग एकदम फुटते. लोखंडी स्टँड विकत घ्यावेत. ते मिळेपर्यंत सागाचे किंवा बाभळीचे जाड ठोकळे आडवे-उभे रचावेत, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी आणि जमीन कठीण असल्याची खात्री करावी. तिगावात हे सारे होईपर्यंत कोणालाही गाडीखाली जाऊ दिले नाही. त्यात एक संध्याकाळ गेली, ती सत्कारणी लागली.

आता ब्रेक. ब्रेक ऑइलचा गुण असा की ते हवेतील ओलावा शोषून घेते. वर्षानुवर्षे बदलले नाही तर त्यातल्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतात, आणि घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडल नेमके उतारावर थेट तळाला जाते. तेव्हा जुने तेल काढून नवे ओतणे पुरेसे नाही. मास्टर सिलिंडर, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आणि पुढचे कॅलिपर उघडून पाहावेत. आतली भिंत गुळगुळीत असेल तर सील किट बदलून भागते. बोटाला खड्डे लागले तर तो भाग नवाच घ्यावा. चाकांजवळच्या रबरी नळ्या बाहेरून ठीक दिसल्या तरी बदलाव्यात. त्या आतून फुगतात, आणि मग पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो. लोखंडी नळ्यांवर हात फिरवून गंज पाहावा. गोव्यातल्या गाडीत या नळ्या बहुधा बदलाव्याच लागतील.

हवा काढण्यास दोन माणसे लागतात, एक पेडलावर, दुसरा चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळ येत जायचे. पेडल टणक होऊन अर्ध्याहून वरच थांबले पाहिजे. मग ते मिनिटभर पूर्ण जोराने दाबून धरावे. हळूहळू खाली गेले तर कोठेतरी गळती आहे. तिगावात पहिल्या खेपेस ते गेले. मागच्या डाव्या चाकाचा जोड ओला सापडला. हा दोष घराबाहेरच्या उतारावर सापडण्याऐवजी अंगणात सापडला, याचसाठी ब्रेकचे काम इंजिनाच्या आधी.

टायरांबाबत भावनाशील होऊ नये. टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३०९ म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नव्यासारखी खोल असली तरी असा टायर काढून टाकावा. त्यातले रबर लाकडासारखे झालेले असते, आणि ओल्या रस्त्यावर ते कशालाच धरत नाही. याच फेरीत स्टिअरिंगचे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि पुढच्या अॅक्सलची रबरी बूटही पाहून घ्यावीत.

इंजिन एवढ्या उशिरा आले याचे कारण ते या गाडीतला सर्वांत दणकट भाग आहे. ७९६ सीसीचे हे तीन सिलिंडरचे इंजिन १९८३ पासून देशभर पळाले. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबले. पण याच घराण्याचे इंजिन ओम्नीत २०१९ पर्यंत येत राहिल्याने त्याचे सुटे भाग अजून सहज मिळतात. तिगावकरांना ते नागपुरात मिळाले.

तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडावे आणि दोन दिवस थांबावे. नंतर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या बोल्टवर पाना लावून हाताने हळूहळू फिरवावे. फिरले तर बरे. अडले तर जोर न करता आणखी तेल, आणखी दोन दिवस. येथे स्टार्टर वापरणारा माणूस पिस्टनच्या गंजलेल्या रिंगा सिलिंडरवर घासून चांगले इंजिन स्वतःच्या हाताने खराब करतो. इंजिन मोकळे झाले की ऑइल, फिल्टर, कूलंट आणि टायमिंग बेल्ट बदलावा. बेल्ट किती किलोमीटर चालला हा हिशेब येथे गैरलागू आहे, त्याचे वय पाहायचे. त्यानंतर प्लग न लावताच स्टार्टरने इंजिन फिरवून डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझेपर्यंत तेल वर चढू द्यावे.

जुने पेट्रोल ही स्वतंत्र कटकट. दहा वर्षांत त्याचा वॉर्निशसारखा चिकट थर होतो, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसतो. टाकी उतरवून, रिकामी करून, धुऊन, पूर्ण वाळवून लावावी. अनेक मिस्त्री हा खटाटोप टाळण्यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची बाटली टांगून इंजिन चालू करून दाखवतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची बाटली! ज्याला आपले अंगण आणि अंगणातली माणसे प्रिय आहेत त्याने हे करू देऊ नये. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि १९९८ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. त्यामुळे इंधनाच्या सर्व रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात आणि गाडी पुन्हा महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी चिकटपट्टी गुंडाळून चालवू नयेत. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडावी आणि फ्यूज त्याच क्षमतेचा लावावा.

रंग सर्वांत शेवटी. दिल्लीच्या पहिल्या ग्राहकाला १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते जिची चावी मिळाली, ती पहिली मारुती अनेक वर्षे गंजत उभी राहिल्यावर कंपनीने नव्यासारखी केली आणि आपल्या मुख्यालयात प्रदर्शनात मांडली. ती पाहण्याची गाडी आहे. घरच्या गाडीवर तोच खर्च करणारे लोक पैसे रंगात संपवतात आणि ब्रेकला उरत नाहीत. तिगावची गाडी आजही उन्हाने पांढुरलेल्या लाल रंगातच आहे.

कागदांचा विषय येथे शेवटी येत असला तरी त्याची चौकशी पहिला पाना उचलण्यापूर्वी करावी. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे टिकते. नंतर तपासणी करून एका वेळी पाच वर्षांचे नूतनीकरण मिळते. त्यासाठी नमुना २५ मधील अर्ज, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र लागते, आणि अधिकारी चासी क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहतो. तो कोरलेला पत्राच गंजून वाचता येईनासा झाला असेल तर बाकीची मेहनत पाण्यात. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजारांवर नेण्यात आले. मुदत उलटून गेली असल्यास दरमहा पाचशे रुपये विलंब आकार वेगळा. २०१३ साली मुदत संपलेल्या गाडीच्या बाबतीत ही बेरीज गाडीच्या किमतीच्या घरात जाऊ शकते. म्हणून नोंदणी कार्यालयातून नेमका आकडा लेखी घ्यावा आणि मगच कामाला लागावे की गाडी मोडीत द्यावी, हे ठरवावे. नोंदणी आणि विमा नसताना ‘जरा फाट्यापर्यंत’ म्हणूनसुद्धा सार्वजनिक रस्त्यावर नेऊ नये. त्या फेरीत कोणी जखमी झाले तर भरपाई मालकाच्या घरादारावर येते. तपासणीसाठी तिगावची गाडी टेम्पोत घालून नेली.

अशी कोरड्या मुलखातली, पत्रा शाबूत असलेली मारुती गोव्यात आणावी का, असा प्रश्न येथील शौकिनांना पडेल. कायद्याने मार्ग आहे. मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र नमुना २८ वर घ्यायचे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक ठेवायची असेल तर तेथील क्रमांकासाठी अर्ज करायचा आणि तेथील रस्ता कर भरायचा. पण ना-हरकत मिळण्याआधी तिकडची नोंदणी जिवंत असली पाहिजे. सौदा करून गाडी ट्रकवर चढवल्यानंतर हे कळणारे लोक असतात. आणि एम. पी. २८ क्रमांकाची गाडी येथे आणून पहिल्याच पावसाळ्यात माडाखाली उभी करायची असेल, तर ती तिगावातच बरी. आणायचीच तर खालच्या पत्र्याला गंजरोधक थर देऊन, दारांच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके मोकळी करून मगच पाऊस दाखवावा.

नोंदणी हाती आल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाव न सोडता काढावेत. तेवढ्यात टाकीतला उरलासुरला गाळ फिल्टरमध्ये येतो, नवे होज बसतात, क्लिपा सैल होतात. त्यानंतर ऑइल आणि पेट्रोल फिल्टर पुन्हा बदलावा, चाकांचे नट आवळावेत आणि ब्रेक ऑइलची पातळी खुणेशी ताडून पाहावी. ती केसभर जरी उतरली असेल तरी गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवावी.