घटस्फोट झाला, पण कपाटातले कागद बदलले का?

मागच्या रांगेत आवाज येतोय ना? मुरबाड रोडवरचे हॉर्न आपल्याला साथ देणारच, म्हणून आम्ही जरा मोठ्यानेच बोलतो.

घटस्फोट, मुलांचा ताबा आणि मृत्युपत्र या तीन गोष्टी घेऊन लोक वकिलाकडे तीन वेगवेगळ्या वेळी येतात. आमच्या मते हे एकच काम आहे. का, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. आज आपण जो कायदा बघतोय तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचा आहे. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

समजा, शहाडमधला एक गृहस्थ. रेयॉनच्या कारखान्यात नोकरी, सोसायटीत स्वकमाईचा वन बीएचके, एकट्याच्या नावावर. बायको पाच वर्षं डोंबिवलीला माहेरी, नऊ वर्षांची मुलगी तिच्याजवळ. बोलणं बंद, पण कोर्टात कुणीच गेलेलं नाही. फ्लॅटला नॉमिनी भाऊ. एके दिवशी हा गृहस्थ अचानक जातो. मृत्युपत्र नाही. घर कुणाचं?

(सभागृहातून : ‘भावाचं!’)

हेच उत्तर आम्हाला सगळीकडे मिळतं. भावाला काहीही मिळत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार पुरुषाचे पहिल्या वर्गाचे वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा आणि आई. इथे बायको, मुलगी आणि आई यांचे तीन समान हिस्से होतात. बायको पाच वर्षं वेगळी राहिली याने काही फरक पडत नाही. कोर्टाचा हुकूमनामा नाही तोवर ती पत्नी, आणि तो गेल्यावर त्याची विधवा. हुकूमनामा झाला असता तर तिचा हिस्सा गेला असता, मुलीचा मात्र तसाच राहिला असता. नवरा-बायकोचं नातं कोर्ट तोडतं, बाप-लेकीचं नाही.

मग नॉमिनी कशासाठी? नॉमिनी म्हणजे पैसे किंवा कागद ताब्यात घेणारा माणूस. मालक कोण, ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच सांगितलं होतं. अलीकडचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीच्या नावाचं आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर ऑगस्ट 2013 मध्ये गेले. 2011 चं मृत्युपत्र होतं, शिवाय ठेवी आणि म्युच्युअल फंडांवर नॉमिनी नेमलेले होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल लागला : कंपनी कायद्याखालच्या नामनिर्देशनानेही नॉमिनी मालक होत नाही. एवढ्या जाणत्या घराला दहा वर्षं लागली, मग आपलं काय?

सोसायटीच्या सेक्रेटरींनी हेही ऐकावं. 2019 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकारी कायद्यात नॉमिनी हा फक्त तात्पुरता सभासद आहे. विम्याचं थोडं निराळं आहे. 2015 पासून नॉमिनी असलेले आईवडील, पती-पत्नी, मुलं यांना तिथे लाभार्थी मानलंय. म्हणून जुन्या पॉलिसीवर पूर्वीच्या जोडीदाराचं नाव राहिलं, तर भांडणाला आमंत्रणच.

आता मुलीचा हिस्सा. ती अल्पवयीन, बाप गेलेला, म्हणजे नैसर्गिक पालक आई. घटस्फोट झालेला असला तरीही. बऱ्याच पुरुषांना हे पटत नाही, पण ते आहे असं आहे. मात्र मुलीच्या वाट्याची स्थावर मालमत्ता आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ‘पैसा मुलीवरच खर्च व्हावा’ अशी बापाला काळजी असेल, तर जिवंतपणी मृत्युपत्रात विश्वस्त नेमावा, किती वयापर्यंत सांभाळायचं ते लिहावं. नुसतं रागावून काही होत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत वारसांचा क्रम वेगळा आहे, आणि आम्हाला विचाराल तर अन्यायाचा. बाईची स्वकमाई आधी मुलं आणि नवऱ्याकडे जाते, ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे, आणि त्यानंतर तिच्या आईवडिलांकडे. नारायणीदेवी नावाच्या बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाल्या. सासरने हाकललं. माहेरने शिकवलं, नोकरी लागली. मृत्युपत्र न करता त्या गेल्या, आणि 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची कमाई सासरकडच्यांनाच दिली. कायदा सहानुभूतीवर चालत नाही, असं न्यायालयाला म्हणावं लागलं. एका मृत्युपत्राने हे टळलं असतं.

संमतीच्या घटस्फोटाला किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. नंतर सहा महिन्यांची थांबण्याची मुदत असते, ती योग्य प्रकरणात माफ करता येते, हे 2017 पासून ठरलंय. त्या संमतीपत्रात पोटगी आणि मुलाच्या भेटीचे वार लिहितात, पण फ्लॅट, पॉलिसी, लॉकर राहून जातात. तेही लिहून घ्या. ताब्याचा आदेश मात्र दगडावरची रेघ नाही. मुलाच्या हितासाठी तो पुढे बदलून मागता येतो.

आणि घटस्फोटाने जुनं मृत्युपत्र रद्द होत नाही. नवं करावं लागतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (तरी करा), दोन साक्षीदार मात्र हवेतच. ज्याला मिळायचंय त्याला साक्षीदार करू नका.

(एका श्रोत्या : ‘नवरा सहीच देत नाही. तोवर काय?’)

ताई, मृत्युपत्र आजच करता येतं, नवऱ्याची परवानगी लागत नाही. बँकेतला नॉमिनीही एका फॉर्मवर बदलतो. नोकरी असेल तर प्रॉव्हिडंट फंडाचं बघा. लग्नाआधी केलेलं नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप रद्द होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. आणि या योजनेत स्त्री सभासदाला लेखी कळवून नवऱ्याला ‘कुटुंबा’तून वगळण्याची सोय आहे. आधी तो अर्ज द्या, पोच घ्या, मग मुलाचं नाव भरा.