शब्दांत दडवलेले साल

गूढ शब्दकोड्यात सूचनेचा वरवरचा अर्थ चकवतो. उत्तर शब्दाच्या दुसऱ्याच अर्थात असते. संस्कृत गणितग्रंथांतील, अंक शब्दांनी सांगण्याची ‘भूतसंख्या’ ही पद्धत याच जातीची. तिचा उत्तम नमुना भास्कराचार्यांचा. जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे.

‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्यांनी आपला जन्मशक रस, गुण, पूर्ण आणि मही अशा शब्दांनी सांगितला. रस म्हणजे येथे चवी, म्हणून ६. काव्यातले नवरस आठवले की गणित फसलेच. गुण म्हणजे सत्त्व, रज, तम, म्हणून ३. पूर्ण म्हणजे चक्क शून्य. कोणत्याही कोडेकाराला हेवा वाटावा अशी ही हुलकावणी. मही, म्हणजे पृथ्वी, एकच, म्हणून १. अंक एकं स्थानापासून डावीकडे मांडत जायचे: शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. ग्रंथरचनेच्या वेळचे वयही पुन्हा रस आणि गुण यांतच सांगितले आहे: ३६. त्यावरून ग्रंथाचे साल निघते शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०.